झेंड्याखालची माफी

एका मित्राचं घर ठरायच्या आदल्या दिवशी मी त्याची, त्याच्या आईदेखत आणि आमच्या सोसायटीतल्या तीस-पस्तीस माणसांदेखत, दोन हजार वर्षांबद्दल माफी मागितली. त्याला माफी नको होती. त्याला घर हवं होतं.

माझा हेतू चांगला होता असं कुणी म्हणायच्या आत सांगून टाकतो, की हेतू चांगला असल्याचं मीच सगळीकडे सांगत फिरत होतो. मूर्खपणा करायचा तर मी नीटनेटका करतो. त्या भाषणाचा कच्चा मसुदा, पक्का मसुदा आणि आरशासमोर दोन तालमी असं सगळं रीतसर झालेलं होतं.

तो काळ असा होता की पुण्यात ज्याला त्याला कॉम्प्युटरचं काहीतरी येऊ लागलं होतं आणि ज्याला त्याला परदेशी पाठवत होते. ज्या पेठांतली माणसं पूल ओलांडायचा तर घरात सांगून निघायची, तिथली पोरं जर्मनीत उतरून फोन करत होती, "पोचलो. लोणच्याची बरणी फुटली नाही." मीही त्यातलाच. आमच्या कंपनीकडे तिकडच्या एका विमा कंपनीची जुनी सिस्टिम सांभाळायचं काम होतं. ती लिहिणारी माणसं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. काही निवृत्त झालेली, काही कायमची निवृत्त. सिस्टिम अडली की तिकडून फोन यायचा. पहिल्याच महिन्यात एकदा मी ताठ मानेने फोनवर सांगितलं, की हा भाग मी लिहिलेला नाही, हा लिहिला तेव्हा मी चड्डीत होतो. पलीकडे टेस्टिंगची मुख्य असलेली बाई होती. ती म्हणाली, "कोणी लिहिला ते मी विचारलं नाही. दुरुस्त कधी होईल ते सांग."

हे वाक्य मी पुढे ऑफिसात किस्सा म्हणून शंभर वेळा सांगितलं. त्यातून काही शिकलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

मित्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. चंद्रपूरकडचा. वयाने माझ्याएवढाच, पण मला 'भाऊ' म्हणायचा, कारण त्यांच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात. आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं, आणि ते गाव पुण्यात कुणी ऐकलेलं नाही. त्यामुळे आमच्या लोकांची पंचाईत झाली होती. आम्ही कुणाची जात विचारत नाही. छे! आम्ही विचारतो, "मूळ गाव कुठलं आपलं?" मग, "तिथले अमुक आपले कोण?" तेवढ्याने भागलं नाही तर, "घरी गणपती दीड दिवसांचा की दहा?" हे सगळं चहा पिता पिता, अगदी गोडीत. या शेवटच्या प्रश्नाला मित्राने उत्तर दिलं होतं, "आमच्याकडे बसत नाही." यावरून ऑफिसने त्याला आळशी ठरवलं आणि विषय मिटला.

मला खरं कळलं ते त्याच्या घरी गेलो तेव्हा. वारज्यात तिसऱ्या मजल्यावर तो भाड्याने राहायचा. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, आणि शेजारी निळ्या कोटातली तसबीर. मी पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. परत येताना स्वतःवर इतका खूश होतो की स्कूटरचा इंडिकेटर घरापर्यंत चालूच राहिला.

त्या घरात त्याची आई असायची. वडील प्राथमिक शिक्षक होते, ते वारल्यावर याने तिला पुण्याला आणलं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. त्या इमारतीत लिफ्टसाठी खड्डा होता, लिफ्ट नव्हती. म्हणून ती दिवसभर गॅलरीत बसायची आणि भाजीवाला आला की दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. मला म्हणाली होती, "माही पिशवी रोज फिरून येते बाप्पा. मीच जात नाही." सात महिने ती बाई जमिनीवर उतरली नव्हती.

आणि आमच्या सोसायटीत, तिथून चालत दहा मिनिटांवर, तळमजल्याचा फ्लॅट विकायला निघाला होता. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका; मुलीकडे बंगलोरला कायमचे निघालेले. पुढच्या बाजूला चार फरश्यांचं अंगण, त्यात एक कढीपत्त्याचं झाड. सोसायटीचा सेक्रेटरी मी. अक्षर चांगलं म्हणून मला सेक्रेटरी केलं होतं, दुसरं कारण नव्हतं. मीच मित्राला फ्लॅट दाखवला, मीच काकांना सांगितलं, "अहो, माझ्या खात्रीतला माणूस आहे, एकुलता एक, आई आहे, निर्व्यसनी." काका म्हणाले, "मूळचे कुठले?" मी म्हणालो, "चंद्रपूर." काकांना चंद्रपूरकडचं कुणी ओळखीचं नव्हतं. सौदा ठरला. सोळा ऑगस्टला साठेखत करायचं.

इथवर मी माणूस म्हणून बरा होतो. मधे जर्मनी झालं नसतं तर आजही असतो.

त्या वर्षी एप्रिलपासून जुलैअखेरपर्यंत मी तिकडे होतो. टेस्टिंगच्या बाईने एका रविवारी जेवायला बोलावलं. जेवणाच्या खोलीत भिंतभर कोरीव लाकडी कपाट होतं, आत बश्या मांडलेल्या. शिष्टाचार म्हणून मी कपाटाचं कौतुक केलं. बाई म्हणाली, "ते आमचं नाही." समोरच्या घरात एक ज्यू कुटुंब राहत होतं. एका सकाळी त्यांना गाडीत घालून नेलं आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं सामान लिलावात काढलं. तिच्या आजीने कपाट घेतलं. "आजी वाईट नव्हती," बाई म्हणाली, "तिला कपाट हवं होतं." तिच्या आईने उभ्या जन्मात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ही बाई मात्र कित्येक वर्षं पत्रं पाठवत होती, त्या घरातलं कुणी कुठे उरलंय का म्हणून. सापडलं तर कपाट त्यांना द्यायचं. तोवर जेवायला येणाऱ्याला ते कुणाचं आहे हे सांगायचं.

मग तिने विचारलं, "तुमच्याकडे?"

मी तिला इंग्रजांबद्दल सांगितलं. पाऊण तास. मीठ, कापूस, विणकर, दुष्काळ. हातवारे करून. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुमच्यावर झालं. तुम्ही कुणावर केलं?"

"आम्ही?" मी म्हणालो. "आम्ही कधी कुणावर स्वारीसुद्धा केली नाही."

शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर जन्मलेल्या, चौथीपासून अटकेपार झेंडे लावत आलेल्या माणसाने हे ठोकून द्यावं! तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला, आणि मला एकदम दुसराच कप आठवला.

शनिवार पेठेत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. खाली सामाईक संडास, ते साफ करायला एक बाई यायच्या. जिन्याखालच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप त्यांच्यासाठी ठेवलेला असे. त्यांनी तो स्वतः काढायचा, फरशीवर ठेवायचा, लांब उभं राहायचं. वरून चहा ओतायचा. त्यांनी पिऊन, विसळून कप कोनाड्यात पालथा घालायचा. आई वाईट नव्हती. तिला बाईंची काळजी असे, साखर जास्त घालायची. चहा ओतायचं काम माझ्याकडे होतं. आठ वर्षांचा होतो. पातेली कपाला लागू द्यायची नाही आणि चहा बाहेर सांडू द्यायचा नाही, यात मी इतका पटाईत झालो होतो की दोन हातांवरून धार सोडायचो आणि एक थेंब इकडेतिकडे जायचा नाही. शेजारचे बघायला यायचे. बाईसुद्धा हसून म्हणायच्या, "धाकल्या मालकांचा हात लई भारी." माझं सगळ्यात पहिलं कौतुक झालं ते हे.

तीस वर्षं ही गोष्ट माझ्या डोक्यात 'बालपणीच्या गमती' या सदरात पडून होती.

परतीच्या विमानात मला अनेक गोष्टी उमगल्या. झेंडा लावला तो 'आम्ही' लावला, आणि याच गावात माणसांच्या गळ्यात मडकी बांधली ती मात्र 'त्या काळी बांधत असत'; कुणी, ते सांगायचं नाही. जिंकलेल्या लढाईत माझे पणजोबा नसले तरी मी होतो; मडकं बांधताना मात्र आमच्या घराण्यातलं कुणीच हजर नव्हतं, सगळे बहुधा कोकणात गेले होते. हे सुचल्यावर मी विमानातल्या कागदी रुमालावर लिहूनही ठेवलं, वाक्य चांगलं होतं म्हणून. अशा रीतीने चॉकलेटं आणि अपराधाची भावना असं दोन्ही घेऊन मी पुण्यात उतरलो. चॉकलेटं आठवड्यात संपली.

बायकोला सांगितलं की मला काहीतरी केलं पाहिजे. ती म्हणाली, "मग तळमजल्याचं लवकर करून टाक. त्यांच्या आईला जिना उतरवत नाही." मी म्हणालो, "ते होईलच गं. मी व्यापक अर्थाने म्हणतोय." व्यापक अर्थाने म्हणजे पंधरा ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनानंतर सेक्रेटरी चार शब्द बोलतो, ते यंदा चारावर थांबणार नव्हते.

मित्राला आणि त्याच्या आईला मी आग्रहाने बोलावलं. "सगळ्यांची ओळख होईल," म्हणालो. त्याने आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, घरमालकाच्या मुलाला दुसऱ्या बाजूने धरायला लावून, तीन मजले खाली आणलं. पांढरंशुभ्र पातळ नेसून ती रिक्षातून उतरली. आधी अंगणात गेली. कढीपत्त्याचं पान चुरडून नाकाशी नेलं. आपल्या मुलाला म्हणाली, "इथं खुर्ची टाकली की झालं. येणारंजाणारं दिसते." काकांच्या बायकोशी तिचं गुडघ्यावरून जमलंसुद्धा, कुठलं तेल, कुठला डॉक्टर. मी लांबून पाहत होतो. मला वाटलं, आता माझं भाषण झालं की या चित्राला चौकट बसेल.

झेंडा वर गेला, पोरांनी गाणं म्हटलं, जिलेबी वाटली आणि मी उभा राहिलो.

इंग्रजांचं मी दोन मिनिटांत आटपलं. मग म्हणालो, की स्वतंत्र देशाने आपल्यावरच्या अन्यायाबरोबर आपण केलेल्या अन्यायाचाही हिशोब मांडावा. जर्मनीतलं कपाट सांगितलं. लोक रंगले. शनिवार पेठेतला कप सांगितला, धारेसकट. काहीजण हसले, मग हसायचं नव्हतं हे कळून थांबले. आणि मग, मसुद्यात होतं तसंच, मी दोन पावलं पुढे गेलो, मित्राच्या आणि त्याच्या आईच्या खुर्चीसमोर उभा राहिलो, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आमच्या पूर्वजांनी तुमच्या पूर्वजांना दोन हजार वर्षं माणूस म्हणून वागवलं नाही. माझ्या समाजाच्या वतीने, या तिरंग्याखाली, मी तुम्हा दोघांची क्षमा मागतो."

मित्राच्या आईच्या हातात जिलेबीचा तुकडा होता. तिने तो परत बशीत ठेवला.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. सगळी सोसायटी तिच्याकडे बघत होती, आणि ती एकेका चेहऱ्याकडे, बाजारात पाकीट गेल्यावर माणूस आजूबाजूला बघतो तसं. मित्र झेंड्याच्या दोरीकडे बघत होता. दुसऱ्या मजल्यावरची लहान मुलगी मोठ्याने म्हणाली, "आई, काकांनी यांचं काय घेतलं?" कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. चेअरमन लष्करी हिशोब खात्यातून निवृत्त झालेले; त्यांनी डोळे पुसत माझ्या पाठीवर थाप मारली.

आता चहा. आमच्याकडे झेंडावंदनाच्या चहाला प्रत्येक घरातून चार-चार कपबश्या येतात, दरवर्षीची पद्धत. कपबश्या टेबलावर मांडलेल्याही होत्या. तेवढ्यात खजिनदारांच्या पत्नी लगबगीने वर गेल्या आणि कागदी कपांची चळत घेऊन आल्या. "पाऊस यायचा एखादा, धुणंपुसणं कुठे करत बसता!" आभाळ कोरडं ठणठणीत होतं. सगळ्यांनाच कागदी कप मिळाले, मलासुद्धा, तेव्हा भेदभाव झाला असं कुणाला म्हणता येणार नाही. कपबश्या जशा आल्या तशा ट्रेमधून परत गेल्या.

रिक्षात बसताना मित्र म्हणाला, "भाऊ, मी तुला सांगितलं होतं का?"

"काय?"

"काही नाही," म्हणाला. त्याच्या आईने अंगणाकडे वळून पाहिलं नाही.

घरात आल्यावर बायकोने विचारलं, "तुला माफी हवी होती की टाळ्या?" मी म्हणालो, "तू नेहमी क्षुद्र अर्थ काढतेस." त्या दिवशी दुपारी मला फार शांत झोप लागली.

सोळा तारखेला सकाळी काकांचा फोन आला, मुलगी म्हणते इतक्यात विकू नका. बंगलोरची हवा मानवेल न मानवेल. मित्राला हे मी कळवलं तेव्हा तो फक्त "हो का" म्हणाला. आठवड्याने चेअरमननी कमिटीची बैठक बोलावली. त्यांच्याच घरी, पोहे होते.

"तुमचं भाषण अजून कानात आहे," चेअरमन म्हणाले. "खरं सांगतो, आपल्यापैकी कुणी जातपात मानत नाही."

"मुळीच नाही," खजिनदार म्हणाले.

"मग अडचण काय आहे?" असं मी विचारायला हवं होतं. मी वहीवर तारीख टाकत होतो.

"प्रश्न जातीचा नाहीच. प्रश्न वातावरणाचा आहे," चेअरमन म्हणाले. "आज एक येतील. मग त्यांचे पाहुणे. मग जयंतीचे लाउडस्पीकर."

गणपतीत आपण दहा दिवस लावतो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ओठांवर पुष्कळ काही येतं.

कमिटीवरच असलेले काका पोह्यातले शेंगदाणे बाजूला काढत होते. ते म्हणाले, "आणि बरं का, आम्हाला कुठे काय माहीत होतं? माहीत नव्हतं तोवर माझी हरकत होती का? गोड बाई होती हो ती, हिने तेलाची बाटलीसुद्धा देऊ केली होती. तुम्हीच चारचौघांत जाहीर केलंत. आता मी विकलं तर लोक म्हणणार, हा स्वतः निघून गेला आणि आमच्या गळ्यात मारून गेला."

मी वहीचं पान उलटलं.

ठराव करायचा ठरलं. खजिनदारांनी सांगितलं, "लिहा. नवीन सभासद घेताना तो आपल्या लोकांपैकी असावा." मी पेन थांबवलं. वाचकहो, इथे तरी हा गृहस्थ उठून उभा राहिला असेल असं तुम्हाला वाटलं असेल तर तुम्ही मला अजून ओळखलं नाही. मी म्हणालो, "असं उघड लिहिता येणार नाही. 'सोसायटीच्या वातावरणास अनुरूप असावा' असं घालू."

"वा!" चेअरमन म्हणाले. "याला म्हणतात भाषा."

मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. चौघांनी सह्या केल्या. माझी सेक्रेटरी म्हणून, म्हणजे नोंद बरोबर असल्याची. विरोध केला नाही, पाठिंबाही दिला नाही, तटस्थ राहिलो, असं मी मनाशी म्हणत जिना उतरलो. का गप्प बसलो याची कारणं मोठी असती तर बरं झालं असतं. माझी मुलगी चेअरमनच्या नातीबरोबर रिक्षाने शाळेत जायची. पार्किंगमधली सावलीची जागा मला खजिनदारांनी मिळवून दिली होती. आणि एक गोष्ट सांगायला लाज वाटते: मला अगदी मनापासून वाटत होतं, की माझ्या वाटणीचं बोलून झालेलं आहे. पंधरा तारखेला झालं की.

इतिवृत्ताची प्रत नियमाप्रमाणे जिन्यापाशी फलकावर लावायची असते. तीही मी लावली, चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून. दोन दिवसांनी मित्र काकांना फ्लॅटच्या नकाशाची प्रत परत द्यायला आला होता. मी गॅलरीतून पाहिलं, तो फलकासमोर उभा होता. माझं अक्षर तो ओळखायचा. ऑफिसात माझं हाताने लिहिलेलं प्रत्येक टिपण त्याच्याकडूनच तपासून जायचं. बराच वेळ उभा होता. मी आत गेलो आणि पंखा वाढवला.

ऑफिसात त्याला मी म्हणालो, "फार प्रयत्न केला रे." तो म्हणाला, "हो, दिसला."

खजिनदारांचा भाचा आमच्याच कंपनीत दुसऱ्या मजल्यावर होता. महिन्याभरात मित्राच्या आळशीपणाचा खुलासा सगळ्यांना झाला. त्याच्या बढतीचा मेल आला त्या दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी हसत हसत विचारलं, "काय, कोट्यातून का?" तोही हसला. मी समोर होतो. मी डबा बंद करत होतो. दिवाळीआधी त्याने नोकरी सोडली. डिसेंबरात काकांच्या मुलीचं मत पुन्हा बदललं आणि फ्लॅट एका कुटुंबाला विकला गेला. दीड दिवसांचा गणपती. त्यांनी पहिल्याच महिन्यात अंगण फरशीने पूर्ण बंद केलं आणि कढीपत्ता तोडला, मुळं ड्रेनेजमध्ये जातात म्हणून. ते वातावरणाला अनुरूप निघाले.

सहा-सात वर्षं गेली. मधल्या काळात मी अपराधाच्या भावनेवर दोन ठिकाणी व्याख्यान दिलं, एका ठिकाणी नारळ मिळाला. कपाट सांगायचो, कप सांगायचो. फलक सांगायचो नाही.

मग एकदा एका जुन्या सहकाऱ्याकडून कळलं, मित्राने कात्रजच्या पुढे, टेकडीच्या बाजूला जागा घेऊन घर बांधलंय. नंबर मिळाला. फोन केला तर म्हणाला, "ये की." रविवारी सकाळी पेढे घेऊन गेलो. बैठं घर. पुढे मोठं अंगण, त्यात खुर्ची टाकून त्याची आई बसली होती, समोरून जाणाऱ्या दूधवाल्याशी बोलत. केस पूर्ण पांढरे. कढीपत्ता होता, पेरू होता, आणखी काय काय होतं.

तिने मला लगेच ओळखलं. "ये. बस." चहा आला, चांगल्या कपबशीतून. मी कप हातात धरून बसलो. इतक्या वर्षांचा मसुदा तयार होता. "काकू," मी म्हणालो, "मला तुमच्याशी बोलायचंय. आमच्या समाजाने तुमच्यावर जे..."

"भाऊ," मित्र आतून म्हणाला, "इथं झेंडा नाही लावला आम्ही. बसून बोल."

मी उठून उभा राहिलो होतो हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. बसलो.

"दोन हजार वर्षांचं राहू दे बाप्पा," त्याची आई म्हणाली. "तेव्हा तू नव्हता, मी बी नव्हती. त्या घराची मीटिंग झाली, तेव्हा तू होता ना?"

"होतो."

"काय बोलला मंग?"

पेरूच्या झाडावर पोपट ओरडत होते. दूधवाला किटली लटकवून उभाच होता, त्यालाही ऐकायचं होतं.

"बोललो नाही," मी म्हणालो. "लिहून घेत होतो. एक शब्द तेवढा सुचवला."

"कोणता?"

"अनुरूप."

"त्याचा अर्थ काय होते?"

मी कपात पाहिलं. मित्र दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "आपण सोडून बाकीचे, आई."

मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं, कपाच्या कानात अडकवलेल्या बोटांकडे, आणि म्हणाली, "अक्षर सुंदर आहे म्हणतो हा तुहं. चहा बी वरून वततच होता ना लहानपणी, थेंब न सांडता. हात चांगला आहे बाप्पा तुहा."